आत्याच्या नावापुढची तारीख

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. किंबहुना ती तशी असणं सध्या फार गरजेचं आहे. का, ते सांगते, पण आधी बस. (उभ्याने वाचलंस तर गुडघ्यांचं खापर माझ्या माथी फोडशील.)

दुकान बंद केल्यापासून बाबांच्या हाताला काम नाही. जन्मभर लोकांची घड्याळं उघडली, आता पूर्वज उघडायला घेतलेत. इंटरनेटवर त्यांना एक वंशवृक्ष सापडलाय. कुणीही यावं, आपली फांदी जोडावी, दुसऱ्याची उतरवून घ्यावी. तिथे सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत सूचना आहे की आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मग इतरांच्या झाडांवर चढा. आता आपल्या घरात वडीलधारं माणूस म्हणजे तू, आणि तुम्हा दोघांचा मशीनवरून अबोला. (आजीचं शिवणाचं मशीन ‘तू घे’, ‘नाही, तूच घे’ यावरून सख्खी भावंडं बोलेनाशी व्हावीत, हे फक्त आपल्याच घरी. ते अजून मधल्या खोलीत आहे आणि येताजाता सगळ्यांच्या पायाला लागतं.) म्हणून बाबांनी तुला सोडून जगाला विचारलं. कुणा लांबच्या नात्यातल्या दंतवैद्याच्या झाडावरून एका दुपारी अख्खं घराणं उतरवून घेतलं. त्यात आपले खापरपणजोबा स्वतःच्या बापाहून मोठे निघाले. घड्याळ जरा मागे पडलं तरी ज्यांना जेवण जात नसे, ते बाबा म्हणाले, असेल, त्या काळी चालायचं.

खरा घोटाळा पुढेच आहे. त्या झाडावर हयात माणसांची नावं झाकून ठेवतात. तुझ्या जागी नुसती राखाडी चौकट आणि त्यात ‘हयात’ एवढंच. बाबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. कधी न पाहिलेल्या मेलेल्या माणसांची नावं ठळक दिसतात आणि सख्ख्या बहिणीचं दिसत नाही, हे काही त्यांना सोसेना. मग त्यांनी त्यावर तोड काढली. तुझ्या नावापुढे मृत्यूची तारीख टाकून दिली. लगेच तुझं नाव आलं, फोटो आला (बाबांनीच चढवलेला, दोन वेण्यांचा, मशीनपाशी बसलेली). बाबा एवढे खूश, मला हाक मारून म्हणाले, “बघ, आली ताई.”

आली ती सगळ्यांकडेच आली. ज्यांनी आपली फांदी जोडून घेतली होती, त्या प्रत्येकाच्या घरी तू रीतसर वारलीस. दंतवैद्याने सांत्वनाचा फोन केला. तुला जन्मात न पाहिलेला तो माणूस सांगत होता की त्या फार मायाळू होत्या. बाबांनी तिथेच खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? ते नुसतं “हो” म्हणाले, फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून रडायला लागले. मी तोंड दाबून हसत होते, आत्या. ते बघून माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

तारीख त्यांनी त्याच दिवशी पुसली. पण इतरांच्या झाडांवर तू अजून गेलेलीच आहेस, आणि दंतवैद्य पुराव्याशिवाय कुणाला जिवंत करत नाही. तेव्हा तुझा एक ताजा फोटो तेवढा पाठव. बाकी सगळं ठीक.

तुझी,
लाडकी (हे तूच म्हणायचीस) भाची

ता. क. फोटो राहू दे. खरं सांगायचं तर दंतवैद्याने कालच तुला जिवंत केलं. तूच ये. पणजीचं माहेर फक्त तुला ठाऊक आहे, हे निमित्त पुरेसं आहे.

आणखी एक. हे पत्र मी लिहिलंय, ते बाबांना माहीत नाही.

ताई, माहीत आहे. हिच्याकडे तुझा पत्ता कुठला? पाकिटावर मीच घातला. मशीनला तेल देऊन ठेवलंय. ये आणि घेऊन जा. न्यायचं नसेल तर भांडायला चार दिवस राहा.