पोहोचल्याची वेळ : निरंक

इंदोरा, नागपूर
सोमवार, १२ फेब्रुवारी १९७९, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

चि. सौ. प्रेमिला हिस आनंदराव मामाचा सप्रेम जयभीम आणि वच्छला मामीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे माझ्या उजव्या खांद्यात उसण भरली आहे आणि मामीचे दोन्ही गुडघे बोलतात. दोन्हींची कारणे पुढे येतील.) तुमची खुशाली कळवावी. रविंद्रचा खोकला गेला का? गेला नसल्यास कोणत्या तारखेपासून आहे ते लिहावे. ‘बरेच दिवस’ असे लिहू नये, त्यावरून काहीच समजत नाही.

पत्रास कारण की, रविंद्रला नागपूरची बदली हवी की नको, हे त्याच्या बँकेने अठ्ठावीस तारखेच्या आत लेखी मागितले आहे. ‘प्रेमिला म्हणेल तसं,’ असे तो मला लिहितो. योग्यच आहे. त्याची आई, म्हणजे माझी बहीण अंजनाबाई, गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, तेव्हापासून लग्न होईपर्यंत तो कोणती भाजी खाणार हेसुद्धा मामी ठरवत होती. आता तू ठरव. मला राग नाही. (आला होता. दीड दिवस राहिला.) तेव्हा निकाल तुझ्या हाती आहे, आणि तो कशावर अडला आहे तेही मला पक्के ठाऊक आहे. तो तुझ्या त्या प्रश्नावर अडला आहे.

तू विसरली असशील, मी विसरलो नाही. गेल्या दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी तू पहिल्यांदा आलीस. घरात सत्तावीस पाहुणे होते, दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून वाहत होते, आपल्या न्हाणीघरापुढे रांग होती. चौथ्या दिवशी सगळे आपापल्या गाड्यांनी गेले. संध्याकाळी तू ओट्यावर बसली होतीस, गल्लीत एक कुत्रे झोपले होते, आणि तू म्हणालीस, “मामा, हवा चांगली, पाणी चांगलं, अंधार पडल्यावर बाईमाणूस एकटी हिंडू शकते, सगळं मान्य. पण संध्याकाळी इथे करायचं काय?” मी म्हणालो, “पुष्कळ आहे.” तू विचारलेस, “म्हणजे काय काय?” आणि नेमके तेव्हाच मला दुकानाचे कुलूप पाहून यायची आठवण झाली. (कुलूप ठीक होते.)

‘पुष्कळ’ हा काही तपशील नव्हे, हे मला तुझ्याआधी कळले होते. तुला माहीतच आहे, माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही शेवटचे तीन महिने वगळून. कचेरीत शिपाई असताना मोडीत काढलेला एक टाइपरायटर मी सन बावन्नमध्ये कोणालाही न विचारता खोलला. पुन्हा जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले. यंत्र चालत होते, दुसरा कोणी असता तर ते तीन स्क्रू डबीत टाकून मोकळा झाला असता. मी अकरा महिने त्यांची जागा शोधली, आणि ती सापडली. आज रामदासपेठेतल्या कोणत्याही कार्यालयात कळ अडकली की लोक कंपनीच्या माणसाला नाही, मला बोलावतात. असा मनुष्य ‘पुष्कळ’ म्हणून गप्प बसतो, ही गोष्ट मला चार महिने टोचत होती. शिवाय विचार करता करता असे आढळले की, मी स्वतः या शहरात सहल म्हणून शेवटचा अंबाझरी तलावावर गेलो तो सन सत्तावन्नमध्ये. (कारण लिहिण्याची गरज नाही.) त्यानंतर बावीस वर्षे दुकान आणि घर, घर आणि दुकान.

म्हणून मी एक तक्ता आखला. रकाने पाच : दिनांक, निघाल्याची वेळ, ठिकाण, पोहोचल्याची वेळ, शेरा. सात दिवस, सात संध्याकाळी, सात ठिकाणे. मामीसह, कारण बाईमाणसाचे मत नोंदवल्याशिवाय तुझ्यापुढे पुरावा टिकणार नाही. वाहन माझी सायकल, मामी मागच्या कॅरिअरवर. (येथे खांद्याचा आणि गुडघ्यांचा उलगडा झाला.) सायकलीच्या चाकाला मी स्वतः बनवलेले अंतर मोजण्याचे यंत्र आहे हे तू पाहिलेच आहेस. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजते ना, तीच घंटी मी त्याला जोडली आहे. दर दोनशे मीटरला एकदा ‘टिंग’. पाच टिंगांचा एक किलोमीटर. चूक होणे नाही.

सोमवारी, पाच तारखेला, फुटाळा तलावावरचा सूर्यास्त. पंचांगात वेळ पाहून पन्नास मिनिटे आधी निघालो. सोळाव्या टिंगेला सदरमध्ये वामनराव फाटकातच उभे. (वामनराव हे निवृत्त हेडक्लार्क, त्यांच्या कचेरीतली यंत्रे मी एकोणीस वर्षे पाहिली.) “काहून जी आनंदराव, जोडीनं कुठं चालले? उतरा, उतरा! ऐकलं का वं, चहा टाक!” मी म्हणालो, सूर्यास्त पाहायला चाललो आहे, उशीर होईल. ते म्हणाले, “सूर्य का पळून चालला का? उद्या बी बुडते तो.” आता तू मुंबईची. तुमच्याकडे रस्त्यात ओळखीचा भेटला तर घड्याळाकडे बोट दाखवून पुढे जाता येते, असे रविंद्र सांगतो. इकडे कोणी ‘उतरा’ म्हटल्यावर न उतरणे म्हणजे त्या माणसाशी काहीतरी बिनसले आहे असे जाहीर करणे. उतरलो. चहा झाला, त्यांच्या पत्नी शोभाताईंनी तर्री-पोहे केले, मामी आत गेली ती दीड तास बाहेर आली नाही. सूर्य वामनरावांच्या पाण्याच्या टाकीमागे बुडाला. पोहोचल्याची वेळ : निरंक. शेरा : सूर्यास्त झाला.

मंगळवारी महाराजबागेतली जनावरे. सदर टाळून दुसऱ्या रस्त्याने गेलो. सीताबर्डीवर संत्र्यांची हातगाडी लावणारा कवडू, त्याच्या गाडीचे चाक जाम झाले होते. “भाऊ, बरं झालं आले! चाक फिरूनच नाही राहिलं!” पाच मिनिटांचे काम होते. परंतु चाक काढल्यावर आतल्या बेअरिंगच्या गोळ्या झिजलेल्या दिसल्या, आणि झिजलेल्या गोळ्या पाहून वंगण घालून परत बसवणे माझ्याने होत नाही. मी रस्त्यावर उकिडवा, कवडू गोळ्या आणायला गेलेला, आणि गाडीवर कोण? तर तुझी मामी! “घे ना वं बाई, दोन फाका खाऊन पाहाय, मंग बोल! गोड नाही लागलं तं माझ्या नवऱ्याले सांग, थो खाली बसला हाये!” कवडू परत आला तेव्हा अर्धी गाडी रिकामी होती. तो म्हणाला, मामी, उद्यापासून तुम्हीच या. मामी घरी येईपर्यंत कॅरिअरवर गुणगुणत होती, हे मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकले. पोहोचल्याची वेळ : निरंक. शेरा : जनावरांचा आवाज मात्र ऐकू आला. (बहुधा मोर.)

बुधवारी मी युक्ती केली. सेमिनरी हिल्सला जायचे होते, ओळख पटू नये म्हणून तोंडाला मफलर गुंडाळला, मामीला पदर पुढे ओढायला लावला. गड्डीगोदामाजवळ देवाजी बसतात. हे पूर्वी कामठीला माग चालवत, आता डोळ्यांनी अधू आहेत, त्यामुळे त्यांची मला मुळीच धास्ती नव्हती. ‘टिंग’ झाले मात्र, ते ओरडले, “आनंदरावची सायकल हाये न थे? थांब गा!” मग जवळ येऊन माझा चेहरा चाचपला. “तोंड बांधून काहून फिरून राहिला? दात दुखून राहिला का?” ओळख लपवायला बांधले असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी ‘हूं’ म्हणालो. त्यांच्या सुनेने लवंग आणली, कापूस आणला, आणि सव्वा तास मी धडधाकट दाताखाली लवंग धरून मागावरच्या किनारीचे प्रकार ऐकले. मामी शपथेवर सांगेल की ती हसली नाही. (हसली.) त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळले की ज्या घंटीवर मी इतका खूश होतो, ती गावभर माझी दवंडी पिटते.

गुरुवारी मामीच्या मैत्रिणीने, कांताबाईंनी, आम्हाला चौकातूनच घरात नेले. शुक्रवारी वामनराव स्वतःच रस्त्यावर खुर्ची टाकून वाट पाहत होते. दोन्ही दिवस निरंक.

शनिवारी मी घंटी काढून ठेवली. पाचच्या ठोक्याला निघालो. रस्त्याने कोणी मान वर केली नाही. देवाजी बसले होते, आम्ही हातभर अंतरावरून गेलो, त्यांना कळले नाही. (मला बरे वाटले नाही, पण नियम तो नियम.) आणि पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आम्ही अंबाझरीला पोहोचलो. तक्त्यातला एकमेव भरलेला रकाना. तलाव मोठा आहे, पाणी स्वच्छ, वारा उत्तम. काठावर बसलो. पाण्याकडे पाहिले. तीन पक्षी इकडून तिकडे गेले. अकरा मिनिटे झाल्यावर मामी म्हणाली, “आता?”

प्रेमिला, तुझाच प्रश्न. तोच, फक्त एका शब्दात. आणि मी, इतका तक्ता आखणारा मनुष्य, तक्ता घडी करून खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर मी सायकल सदरकडे वळवली. वामनरावांना ती संध्याकाळ आमच्याविना सुनी गेली होती. “आज इतका उशीर काहून?” एवढेच ते म्हणाले, आणि चहा आधीच टाकलेला होता.

काल रविवारी आम्ही निघालोच नाही. तर साडेसहाला कवडू संत्री घेऊन दारात, कारण घंटी वाजली नाही. मग वामनराव आणि शोभाताई रिक्षाने, कोणी आजारी आहे का पाहायला. देवाजी सुनेचा हात धरून आले, लवंगेसह. कांताबाई आल्या. बसायला जागा पुरेना, मी स्वतः कामाच्या पेटीवर बसलो. दसऱ्याला तू पाहिलीस तेवढी माणसे नाहीत, पण त्या मानाने बरीच. तेव्हा माझे उत्तर असे : सात दिवसांत मला या शहरात पाहण्याजोगे असे फारसे काही पाहता आले नाही, कारण वेळच मिळाला नाही. याउपर निकाल तुझा. मी आग्रह करत नाही.

तुझा मामा,
आनंदराव गजभिये
(टाइपरायटर दुरुस्ती व देखभाल)

ता. क. १ : एक गोष्ट कळवायची राहिली. या सात दिवसांत भेटेल त्या प्रत्येकाने विचारले की तुम्ही फिरून काहून राहिले, आणि खोटे बोलणे मला जमत नसल्याने मी सांगितले की भाचा आणि सून नागपूरला येत आहेत, तिला दाखवायची ठिकाणे आधी तपासतो आहे. ‘येणार की नाही ते ठरायचे आहे’ हा भाग चहाच्या गडबडीत राहून गेला. तेव्हा तुम्ही न आल्यास मला सदर, सीताबर्डी आणि गड्डीगोदाम हे तिन्ही रस्ते सोडावे लागतील, आणि दुकानाला जायला चौथा रस्ता नाही.

ता. क. २ : तू परळला टाइपिंगच्या क्लासवर शिकवतेस हेही मी सांगितले. कांताबाईंच्या दोन मुली धरून चौदा जणींनी नावे दिली आहेत. (यादी सोबत, वयासह.) मराठी कळफलकाचे एक यंत्र मी जुन्या भागांतून जोडून पुढच्या खोलीत ठेवले आहे. हे काम तुमच्या लग्नाआधीपासून चालू होते, त्याचा बदलीशी संबंध जोडू नये. एकही स्क्रू उरलेला नाही.

ता. क. ३ : मी पत्र मामीला वाचून दाखवले. ती म्हणते, मी सांगते तेही लिहा, आणि जसे सांगते तसेच लिहा. ते असे :

“प्रेमिला, तळ्यावर ‘आता?’ मी नाही म्हटलं. थे तुझे मामा म्हणाले. मले तं तिथं मस्त वाटून राहिलं होतं, मी अजून घंटाभर बसली असती. त्यायलेच करमेना. अंजनाबाई गेली तवा पोरगं रडणं थांबवेना, तं याइनं त्याले सायकलीच्या दांडीवर बसवून तिथंच नेलं होतं. थो पाण्यात गोटे फेकत बसला न रडाचं विसरला. त्या जागेवर जाऊन हे बसले, दोनदा चष्मा पुसला, मंग म्हणते, आता? तुले याचं असन तं ये, नसन याचं तं नको येऊ, तू आपलं काम पाहाय, मनाले लावून घेऊ नको. पण हे रोज सकाळी उठून थ्या मशीनवर फडकं मारून राहिले, त्यावर धूळ नसते, तरी मारते. थे मले पाहवत नाही.”

(वरील मजकूर सांगितला तसा अक्षरशः उतरवला. तपासला. चष्मा एकदाच पुसला होता. बाकी बरोबर आहे. — आ.)