डुकराचं काडतूस

बाबा, तुम्ही मला बंदूक शिकवलीच नव्हती, हे मला मागच्या सोमवारी कळलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, माझी पंचेचाळिशी आली, आणि आता कळलं. तेही कुणा परक्यानं सांगितलं नाही. आईनं सांगितलं, अंबाडीची भाजी निवडता निवडता, शेजारची म्हैस व्याली असं सांगावं इतक्या सहज. तेव्हापासून मी सुन्न आहे. ऑफिसात जाते, सह्या करते, सोयाबीनमध्ये डुकरं शिरली की पंचनाम्यालाही जाऊन येते, कारण तुमची मुलगी आता तलाठी आहे. पण लिहिता लिहिता मध्येच हात थांबतो. तुमच्याशी भांडावं तर तुम्ही नाही, आणि आईशी भांडावं तर आपण काय बोलून बसलो हे तिला उमगलेलंही नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ. म्हणून हे लिहायला बसले.

आधी हा विषय निघाला कसा ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा जी माझ्या पोटात होती, ती तुमची नात आता पंधरा वर्षांची आहे. शाळेच्या शिबिरात तिनं एअरगन हातात घेतली आणि तिथले मास्तर म्हणाले, या मुलीचा हात हलत नाही. आता तिला उडत्या थाळीवर नेम धरायचाय. बशीएवढी मातीची थाळी यंत्रातून सुटते आणि ती हवेतच फोडायची असते. त्याला खरी बंदूक लागते, तुमच्यासारखी काडतुसाची. नागपूरकडे एका रेंजवर एक माजी सुभेदार मुलांना हे शिकवतात. पोरगी रुळली तर तिथल्याच वसतिगृहात राहायचं, शाळाही तिकडचीच. माझं एकुलतं एक लेकरू, बाबा. मी दोन दिवस जेवले नाही नीट. मग हो म्हणाले, ते तुमच्या जोरावर. तिचे बाबा तर सरळ म्हणाले, "तूच बघ, बंदुकीतलं आपल्या घरात तुलाच कळतं."

कारण ती गोष्ट मी सगळ्यांना सांगितलेली आहे. लग्नाआधी पहिल्या भेटीत त्यांना सांगितली, सासूबाईंना सांगितली, तलाठ्याच्या परीक्षेला जाताना स्वतःलाही सांगितली. आमच्या बाबांकडे शेतीच्या राखणीच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. बाबा गावचे पोलीस पाटील. आसेगावात त्या काळी मुलीला सायकल द्यायला लोक दहा वेळा विचार करायचे, तिथं आमच्या बाबांनी मला तेराव्या वर्षी बंदूक दिली. दादाला नाही, मला दिली. दादा बार ऐकला की कानात बोटं घालून माजघरात पळायचा. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, असं माझी मुलगी म्हणते. ती माझी नक्कलसुद्धा करून दाखवते.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तूर उभी आहे, थंडी आहे, सकाळचं ऊन नुकतं नाल्याच्या काठावर आलंय. तुम्ही चालता चालता मागे वळता आणि म्हणता, "लय दिवसाची मांगून राह्यली ना? घे मंग." मला खरंच वाटत नाही. तुम्ही पलीकडच्या धुऱ्याच्या बांधावर डालड्याचा रिकामा डबा ठेवता, काडतूस भरता, बंदूक माझ्या हातात देता आणि पाच-सात हात बाजूला जाऊन उभे राहता. दस्ता माझ्या काखेतच जातो, खांद्याला नीट टेकत नाही. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही डब्याकडे बघताय. मग मी खटका ओढते. पुढचं म्हणजे आभाळ, तोंडात माती आणि माझ्या हासळीच्या हाडातून आलेला बारीक आवाज, जो मी कानानं नाही, आतून ऐकला. डब्याला काही झालं नव्हतं. तुम्ही धावत आलात, मला उचललंत, आणि शेलूबाजारकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांना सांगितलं, बैलबंडीवरून पडली. गावालाही तेच सांगितलं. मी कुणाजवळ खरं बोलले नाही, कारण मला वाटलं, हे आपलं दोघांचं गुपित आहे.

आणि त्या रात्री, नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, हात गळ्यात अडकवलेला, मी तुमच्या खाटेजवळ आले आणि म्हणाले, "बाबा, मीच बराबर धरली नाही. माफ करा." तुम्ही ओसरीवर पडला होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "होते तसं कधी कधी. आता राहू दे. ते तुया कामाचं नाई." मी मान हलवली. मी कमी पडले, असं मला वाटलं. बाबांनी एवढा भरवसा ठेवला आणि मी पहिल्याच बाराला आडवी झाले. त्यानंतर मी बंदुकीला हात लावला नाही. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायला तुम्ही निघायचा, तेव्हा मी ती तुमच्या हातात आणूनसुद्धा देत नसे.

आता रविवारचं सांगते, मग सोमवारचं. रविवारी आम्ही नव्या समृद्धी महामार्गानं रेंजवर गेलो. सुभेदारसाहेबांनी टेबलावर तीन बंदुका मांडल्या होत्या. एक अगदी सडपातळ, हलकी, वीस बोअरची, म्हणजे बारीक नळीची. मी लगेच तिच्यावर बोट ठेवलं. ते हसले. म्हणाले, "ताई, सगळे पालक हीच उचलतात. हलकी बंदूक लेकराला जास्त मारते. बंदूक जड असली की धक्का तीच पोटात घालते, लेकराच्या खांद्याला उरलासुरला येतो." मग त्यांनी मुलीचा कोपर वाकवून, कोपरापासून बोटापर्यंतचं माप दस्त्याला लावून पाहिलं. दस्ता लांब झाला की तो काखेत सरकतो, म्हणाले. मागच्या रबरी गादीवर अंगठा दाबून तिला दाखवला. शेवटी तिच्यासाठी मधली बंदूक निवडली, बारा बोअरचीच, पण जड, आणि अशी की धक्क्यातला काही भाग तिच्या आतल्या यंत्रातच जिरतो. काडतूस मात्र सगळ्यात हलकं. "पहिला बार दुखायला नको," ते म्हणाले. "पहिला दुखला की लेकरू खटका ओढायच्या आधी डोळे मिटतं. मग ते मिटणं जात नाही." मी हसले. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटायच्या आधीच माझे डोळे मिटलेले असतात, यावरून घरात माझी कायम थट्टा चालते.

मग मान ताठ करून मी माझी गोष्ट सांगितली. माझे बाबा, माझं तेरावं वर्ष, एकनळी बारा बोअर. ऐकून सुभेदारसाहेब खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "काडतूस कोणतं होतं?" मी म्हटलं, आमच्याकडे दोनच असायची, ज्वारीवरचे राघू उडवायला बारीक छर्र्यांची आणि दुसरी डुकराची. बारीक छर्रे असते तर पसरून एखादा तरी डब्याला लागला असता, म्हणजे डुकराचंच असेल. "आणि ते उभे कुठं होते?" "बाजूला." "मागं नाही? हात नाही धरला?" मी नाही म्हणाले. त्यांनी ती मधली बंदूक टेबलावर परत ठेवली. मग माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, "चला बेटा, उभं राहायचं कसं ते आधी शिकू." त्या माणसानं माझ्यापुढं विषय बदलला, हे मला परत येताना कारंजा गावाच्या जवळपास कळलं. त्या दिवशी बार झाला नाही. पहिला बार पुढच्या रविवारी ठरला.

सोमवारी मी आईला विचारलं. खरं तर तुमची चूक झाली होती, एवढंच मला तिच्याकडून ऐकायचं होतं. घाईत भरलं असेल, अंधूक दिसलं असेल, असं काहीतरी.

"आई, बाबांनी मले बंदूक देल्ली त्या दिवशी काडतूस चुकून भरलं काय?"

"चुकून कायले भरतीन ते?" आई म्हणाली. "त्यायनंच सांगतलं, डुकराचं दे म्हनून. म्याच त फडताळातून काढून देल्लं."

"कायले?"

"कायले म्हंजे? तू आयकतच नव्हती. दुपारी तुये बाबा झोपले का बंदूक काढून अंगनात नेम धरत जाय. येक डाव त शेजारची काकू धुनं वाळू घालून राह्यली व्हती, तिच्यावरच धरला. मोकळी व्हती बंदूक, पन भरली असती त? म्या त्यायले सांगतलं. ते म्हने, मारून आयकनार नाई हे पोट्टी, येक डाव धक्का खाऊ दे तिले. लेकरू चुलीपाशी जाते त येकदा चटका बसू देतोच ना आपन?"

"हाड मोडलं मायं, आई."

"हाव, तेवढं जास्तीचं झालं. दोन रोज जेवले नाई ते." तिनं देठ खुडून बाजूला टाकला. "पन मंग लावला काय तू हात बंदुकीले? नाई ना? नातीले बी देऊन टाक तसाच धक्का येक डाव. घरी तरी राहीन पोट्टी."

बाबा, आईची बोटं चालूच होती. मी तिच्यासमोर बसले होते आणि मला तुमचा पलीकडे वळलेला चेहरा दिसत होता, डब्याकडे बघणारा. तुम्ही डब्याकडे बघत नव्हतात तर. माझ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती तुमची. मी तुमच्या खाटेजवळ येऊन माफी मागितली आणि तुम्ही ती घेतलीत! तेरा वर्षांच्या मुलीची माफी घेतलीत आणि वरून म्हणालात, होते तसं कधी कधी. हाड मोडल्याचं मला इतकं वाटत नाही. हाडं जुळतात. पण त्या एका दिवसावर मी माझं सगळं उभं केलं होतं. ज्या मुलीला बापानं बंदूक दिली ती मी, असं म्हणून मी गावोगावच्या लोकांपुढं उभी राहिले, साहेबांपुढं बोलले, वाळूच्या ट्रॅक्टरपुढं एकटी थांबले. आणि तुम्ही दिली होती ती शिक्षा. काकूवर नेम धरल्याचं तर मला आठवतही नव्हतं. ती तुमची भीती खोटी नव्हती, हे मला कळतं. घरात बंदूक आणि पोर असं हट्टी, माझं लेकरू असतं तर मीही घाबरले असते. पण तुम्ही मला रागावला असता! कुलूप लावलं असतं! चार चापट्या मारल्या असत्या तरी मी आज हसून सांगितलं असतं. मला शिकवतोय असं दाखवून का केलंत? मी किती खूश होते त्या सकाळी, ते तुम्हाला दिसलं नव्हतं का?

आठवडाभर मी हेच घोळवत राहिले. मुलीला काही सांगितलं नाही. तिनं रेंजवरच्या पोरांना तुमची गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे, माझ्यासारखीच मान करून.

काल दुसरा रविवार होता. सुभेदारसाहेब तिच्या अगदी मागं उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांच्या जवळ, न टेकवता. दस्ता गालाला आणि खांद्याला नीट बसलाय का ते त्यांनी तीनदा पाहिलं. मी कठड्यामागं होते. बार झाला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडले तर ती जागच्या जागी उभी, खांदा चोळत नाही, काही नाही. बंदूक खाली वळवून साहेबांच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून ओरडली, "आई, काहीच नाही लागलं गं! अजून एक मारू?" थाळी फुटली नव्हती, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिनं एकूण दहा बार काढले. सातवी थाळी फुटली. वसतिगृहाचा फॉर्म आम्ही तिथंच भरून आलो, जूनपासून ती तिकडे राहील.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तुमच्या फोटोमागं ठेवलं तर आई धूळ पुसताना काढेल आणि मुलीकडून वाचून घेईल. पंचनाम्याच्या जुन्या फायलीत राहील, तिथं कुणी हात घालत नाही. पण बंद करण्याआधी एक सांगते, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. सगळं कळलेलं असताना, आठवडाभर तुम्हाला नाही नाही ते बोलून झालेलं असताना, काल ती पहिल्या बाराला उभी राहिली आणि डोळे मिटता मिटता मी मनात म्हटलं, थोडं लागू दे हिला.