तुळशीची माळ आणि मुरलेली वाईन

नाशिक, ७ जानेवारी २०२५, सकाळी साडेदहा

तीर्थरूप अण्णांस व आईस दंडवत.

वाईनची पिंपं धुऊन आत्ताच बसलो. तब्येत चांगली आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

काल इथले सुपरवायझर, आपल्या केज गावचे भागवतकाका यांनी दहा वर्षं मुरलेली पांढरी व लाल वाईन हुंगायला दिली. पांढरीत मध जाणवला, लालमध्ये चिंच. ते म्हणाले, "नाक लई तेज हाय बे. आता घोट घे अन् थुंक. माळ खुंटीला अडकव."

मी माळ काढली नाही. काढली असती तर लपून प्यायल्यासारखं झालं असतं. घोट घोळवून थुंकला, थेंबही गिळला नाही. चव मात्र आवडली. आता वाईन चाखून पारखायचं हेच काम मला देणार आहेत.

नारायणगडावर देवासमोर माझ्या गळ्यात माळ तुम्ही घातलीत. माझं चुकलं असेल, तर शिमग्याला आल्यावर तुमच्याच हातानं काढा.

आपला,
बंकट