वावरातलं इंजिन

चि. कपिल,

लोहाऱ्याहून बाबांचा आशीर्वाद.

वावर विकून तुझ्याकडे पुण्याला यायला मी फोनवर हो म्हटलं होतं. तो शब्द परत घेतो. तूर निघाल्यापासून तांड्यावरची माझी जुनी विद्यार्थिनी वर्षा आणि तिचे तीन सोबती आपल्या वावरात द्रवइंधनाचं रॉकेट-इंजिन पेटवून पाहून राह्यले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातून नारळ फोडवला. पाणी उडालं झडपेवर. थंडगार द्रव ऑक्सिजन सोडताच त्या पाण्याचा बर्फ झाला, झडप अडकली, इंजिन पेटलंच नाही.

"गुरुजी, नारळ फोडाले इंजिनच भेटलं काय तुमाले?" वर्षा म्हणाली. सारे हसले, मीही.

आज नारळ बांधावर फोडला. अख्ख्या वर्गानं एका सुरात कविता म्हणावी तसं इंजिन गरजलं.

मग पोरं सामान भरून गेली. मी जळलेल्या मातीवर हात ठेवला. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी ती उबदार होती. थंड होईस्तोवर तिथंच बसलो.

हे पत्र टाकत नाही. मी असा एकटा बसतो हे वाचलंस तर उद्याच मला न्यायला येशील. फोनवर फक्त नाही म्हणेन.

तुझी वाट पाहणारे,
बाबा