तिसरी शिट्टी

शुक्रवार, पलूस

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या स्काउट-गाइडच्या पोरींना घेऊन कोयनेच्या जंगलात जायचंय. पाठीवर सामान, दोन मुक्काम रानात. म्हणून आज शाळा सुटल्यावर मागच्या टेकडीवर सराव घेतला. वाट चुकली तर जागा सोडायची नाही, तीनदा शिट्टी वाजवायची, एवढंच शिकवायचं होतं. दिवस मावळता मावळता सातवीतल्या सारिकाला बाभळींच्या पलीकडे बसवलं आणि बाकीच्यांना शोधायला सोडलं.

शिट्टी वाजलीच नाही. अंधारून यायला लागलं तशी मीच बाभळींकडे धावले. सापडली तेव्हा बसवली होती तिथेच होती, शिट्टी मुठीत घट्ट धरून.

"वाजवली का नाहीस?"

"बाई, दिस बुडाला हुता. आजी म्हणती, तिनीसांजंला शिट्टी वाजवली की साप येतो."

"आणि खरंच हरवली असतीस तर?"

"गप बसायचं, बाई. कोणतरी येतंयच की."

मी रागावले. जरा जास्तच का? पण किती शांतपणे म्हणाली ती. कोयनेत कोण येणार आहे? ती मूठ डोळ्यांपुढून हलत नाही.

शिट्टी तिच्याकडून काढून घेतली होती, ती माझ्याच पर्समध्ये राहिली. घरी आल्यावर अंगणात उभं राहून एकदा वाजवली. मग दुसऱ्यांदा.

आतून आई म्हणाली, "कोण गं ते? दिवेलागण झाली, कळत न्हाई व्हय?"

शिट्टी ओठांवरच होती. तिसरी काही मला वाजवता आली नाही.