नाकतोड्यांचा डबा

ता. २ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

आईला इस्पितळातून माझ्याकडे आणून दहा दिवस झाले. उजवी बाजू लुळीच आहे, जीभ वळत नाही. पेज भरवायला गेलं की ओठ घट्ट मिटते. डाव्या हाताची बोटं पांघरुणावर टुणटुण उडवते आणि तोंडाकडे नेते. सासूबाईंना वाटतं, माशी दाखवतेय. मला कळतं रे, नाकतोडे मागतेय. पण या घरात एकोणीस वर्षांत मी तो शब्द काढलेला नाही. थोडे पाठव. वरून कागद नीट गुंडाळ.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दोन दिवस पहाटे तुझी वहिनी नि मी बांधावर होतो. दवाने पंख जड असतात तोवरच सापडतात. ऊन चढलं की हातावर तुरी! पाय-पंख काढून, मीठ लावून खमंग भाजलेत. कुटून पेजेत घाल, नाहीतर ठसका लागेल. कागद गुंडाळलाय, पण लाज कसली? पीक बुडालं त्या वर्षी आपण यांच्यावरच तगलो. माझ्या वाट्यातलेही पळवायचीस, भवाने!

आईला जप, स्वतःलाही.

दादा

ता. ३१ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

सगळं उरकून तू परत गेलास. चारचौघांत बोलता आलं नाही, ते लिहिते.

डबा सोमवारी आला. यांचे साहेब बुधवारी जेवायला येणार होते, म्हणून मी तो माळ्यावर टाकला. गुरुवारी काढला. कुटत होते तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सांगून टाकलं. त्या वाटी घेऊन स्वतः भरवायला बसल्या. आईने वाटी चाटूनपुसून संपवली. शुक्रवारीही. शनिवारी गेलीच.

डॉक्टर म्हणतात, तीन दिवसांनी काही फरक पडला नसता. पण तीन दिवस ती बोटं उडवत होती आणि मी बघत होते.

रागाव, पण उत्तर पाठव.

धाकटी

ता. ६ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

त्या उपाशी वर्षी शाळेचे मास्तर घरी आले होते. तू चार वर्षांची. तव्यावर नाकतोडे होते. आईने झटकन परात पालथी घातली, आमचं जेवण झालं म्हणाली. मास्तर तासभर बसले. तू भुकेने रडत होतीस, तरी तिने परात उचलली नाही. ते गेल्यावर करपलेल्यातले बरे निवडून तुला भरवले आणि तुझे पाय धरून रडली.

तुला आठवत नसेल. तिला आठवत होतं. तुझी लाज तिच्याइतकी कोण ओळखणार होतं?

तुझ्या लेकीला घेऊन ये. वाट बघतोय.

दादा