हातोडा खाली ठेवायचा नाही

प्रिय अण्णा,

एका हंड्याची खरी किंमत गिऱ्हाइकाला कधी कळलीच नाही. त्याला फक्त तांब्याचा भाव ठाऊक. खरी किंमत म्हणजे तुमचा उजवा कान! ठोकून ठोकून तो बहिरा झाला, तरी तुमचं आपलं, "ऱ्हाऊ दे रं, डावा हाय की!"

काल आपल्या तांबट आळीत मीटिंग झाली, म्हणून लिहायला बसलो. विषय होता आवाजाचा!

तुमच्या वडिलांच्या वेळी ही आळी मातीची, दारोदार भट्टी. तुमच्या वेळी फरशी आली, विजेचे खांब आले. मग स्टीलची भांडी आली आणि एकेक भट्टी विझली. माझ्या वेळी सिमेंट, मोटारी, चार मजली इमारती. त्यातली पहिली मीच बांधली, आपल्याच जागेवर! हातोडा सोडून मी गवंड्याच्या हाताखाली गेलो, तेव्हा तुम्ही महिनाभर बोलला नाहीत. एवढा राग धरायचा का हो पोराचा?

माझा कान मात्र तुमच्याच ओट्यावर तयार झाला. "सांग, ह्यो ठोका कुणाचा?" तुम्ही विचारायचात, मी सांगायचो. आजही वरच्या मजल्यावर डोळे मिटून बसतो आणि हातोडा कुणाचा ते ओळखतो. एकदाही चुकलो नाही!

तर काल तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, ही ठाकठूक बंद करा ना." आपल्या शेजारच्या तुकाकाकांचा शंकर माझ्या खालच्या गाळ्यात भांडी घडवतो. तो उठून म्हणाला, "दादा, तुमी म्हणाल तर ठेवतो हातोडा खाली."

"खाली? का रं, कोण गेलंय?" मी विचारलं.

मग मी सांगितलं, या आळीत कुणी गेलं, तरच हातोडे खाली ठेवतात. तिरडी वळणापलीकडं जाईपर्यंत. एरवी नाही. अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा पाच हातोडे थांबले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला या रस्त्यावर चपलांचा आवाज ऐकू आला.

बाई हळूच म्हणाल्या, "मग दुपारी तरी? बाळ झोपतं हो."

"त्या वक्ताला मी बी झोपतोच की, ताई!" शंकर म्हणाला. मीटिंग तिथंच संपली.

गाळा शंकरचाच राहील, अण्णा. मी आहे तोवर त्याला हातोडा खाली ठेवू देणार नाही. माझ्यासाठी ठेवेल तेवढाच. हा माझा शब्द.

आणि ते ठोका ओळखायचं म्हणाल, तर आळीत आता हातोडा एकच उरलाय.

तुमचा,
वसंता